तातडीने मदत हवी: दोन्ही टेबलं सारखीच, तरी पायथन ‘फॉल्स’ म्हणतंय

दादर_पश्चिम: जुन्या आणि नव्या सिस्टीममधून बिलांच्या दोन फायली काढल्यात. एक्सेलमध्ये दोन्ही तंतोतंत सारख्या दिसतात, पायथनमध्ये (प्रोग्रॅमिंगची भाषा) ताळा लावला की फॉल्स, म्हणजे ‘जुळत नाही’. सहाला रिपोर्ट द्यायचाय, सकाळपासून अडकलोय. काय चुकतंय?

टेबलवाला: ताळा कशाने लावला? ओळींचा क्रम तोच आहे का?

दादर_पश्चिम: पांडाजमध्ये (पायथनचं टेबलं हाताळायचं साधन), दोनदा बरोबरचं चिन्ह (==) लावून. आधी ओळींची लेबलं जुळत नाहीत अशी एरर आली, म्हणून ग्राहक क्रमांकाने सॉर्ट करून इंडेक्स (ओळींची लेबलं) रीसेट केला. आता शेकडो ठिकाणी फॉल्स. चार-पाच जागा बघितल्या, तिथे दोन्हीकडे रिकामंच आहे!

टेबलवाला: रिकामं म्हणजे पांडाजच्या भाषेत नॅन (‘आकडा नाही’). आयईईई ७५४ (संगणकातल्या दशांश आकड्यांचं मानक) च्या नियमाने नॅन स्वतःलाही बरोबर नसतो. पांडाजचं इक्वल्स हे फंक्शन वापरा, ते एकाच जागचे दोन नॅन सारखे धरतं.

जुना_अकाउंटंट: एवढा खटाटोप कशाला? एक्सेलचं व्हीलुकअप (दुसऱ्या टेबलातून जुळणारी नोंद शोधणारं सूत्र) लावा, दहा मिनिटांचं काम. मी बारा वर्षं तेच करतोय.

टेबलवाला: व्हीलुकअप पहिली जुळणारी ओळच देतं. ग्राहक दुबार असेल तर फरक दिसणारच नाही.

जुना_अकाउंटंट: आमच्याकडे दुबार नसतात.

ठाण्याहून: पांडाजऐवजी पोलार्स (तसंच दुसरं साधन) शिकून घ्या, खूप वेगवान आहे. आणि मध्य रेल्वे आज रखडलीय, लवकर निघा.

दादर_पश्चिम: वेग नकोय हो, उत्तर हवंय! इक्वल्सनेही फॉल्सच.

टेबलवाला: दोन्हींचे डीटाइप्स (प्रत्येक स्तंभातल्या माहितीचा प्रकार) इथे टाका.

दादर_पश्चिम: ‘युनिट’ स्तंभ एकीकडे इंट६४ (पूर्णांक), दुसरीकडे फ्लोट६४ (दशांश). बाकी सारखे.

टेबलवाला: सापडलं. जुन्या फाइलीत १२०.० लिहिलं असणार, एक्सेल ते १२० दाखवतं. इक्वल्सला टाइपही जुळायला लागतो. अ‍ॅसटाइपने (टाइप बदलणारं फंक्शन) दोन्हींचा टाइप एक करा.

कोड_कट्टा: त्यापेक्षा असर्ट फ्रेम इक्वल (पांडाजचं दोन टेबलं ताडून बघणारं फंक्शन) घ्या, चेक डीटाइप फॉल्स करून, म्हणजे टाइपचा फरक धरणार नाही. एका ओळीत काम.

टेबलवाला: पैशांना ते नको! दशांश आकड्यांत ते मुळातच एक लाखात एक एवढा फरक चालवून घेतं. लाखाच्या बिलात रुपयाचा फरक गुपचूप पास होईल. रक्कम शंभरने गुणून, राउंड करून पूर्णांक पैशांत आणा.

कोड_कट्टा: फरकाची ही सूट शून्य करता येते की.

टेबलवाला: येते. पण संगणक दशांश आकडे अंदाजे साठवतो, त्यामुळे मग ०.१ अधिक ०.२ आणि ०.३ सुद्धा वेगळे ठरतात.

दादर_पश्चिम: युनिटचा टाइप बदलला, रक्कम पैशांत आणली, तरी फॉल्स. मग कंपेअर (फक्त फरकाच्या ओळी दाखवणारं फंक्शन) लावलं तर दोनच ओळी उरल्या. दोन ग्राहकांच्या बिलात ४०-४० पैशांचा फरक, तोही नव्या सिस्टीमचा. हेच रिपोर्टात टाकतोय. टेबलवाले, मनापासून आभार.