उंदरांतली लस आणि मूत्राशयाचा कर्करोग: परीक्षा की सोपा पेपर?

खवचट_बोका (धागालेखक)
उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या शिक्षक म्हणा) करायच्या, कर्करोगाच्या पेशी फोडून केलेला अर्क त्यांना 'दाखवायचा' आणि परत टोचायच्या. मग त्या टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिकांना, शत्रू ओळखायला शिकवतात. ही झाली मूत्राशयाच्या कर्करोगावरची लस. कल्पना झकास. पण चाचणी कशावर, तर बऱ्याचदा एमबी४९ पेशी (उंदराच्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) कातडीखाली टोचून आणलेल्या गाठीवर! तिथे ना लघवी, ना मूत्राशयाचं अस्तर. उंदीर तरुण, सगळे एकाच वाणाचे. काही प्रयोगांत तर लस आधी, गाठ नंतर. सोपा पेपर काढायचा आणि पोरगं पहिलं आलं म्हणून पेढे वाटायचे. मला तरी हे पटत नाही.

रानजाई
अर्धंच सांगताय. मादी उंदराला भूल देऊन बारीक कॅथेटरने त्याच पेशी थेट मूत्राशयात सोडतात, गाठ तिथेच धरते. पिण्याच्या पाण्यातून बीबीएन हे रसायन देत राहिलं तर बाहेरची एकही पेशी न टोचता मूत्राशयात कर्करोग होतो. आणि एकाच वाणाचे उंदीर हवेतच, नाहीतर गुण लसीचा की उंदराचा हे कळणार कसं? सीडी८ टी पेशी (कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या) मुद्दाम नष्ट करून लस निकामी होते का, हे माणसात कोण करू देईल?

खवचट_बोका
बीबीएन ठाऊक आहे हो. त्यात महिनोन्महिने थांबावं लागतं, कातडीखालची गाठ दोन-तीन आठवड्यांत तयार. घाईत असलेला माणूस कुठली निवडेल?

मुक्या_जिवांचा_वकील
दोघंही उंदरांवरच अडलात. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे प्रायोगिक औषध घेतलेले सहाही स्वयंसेवक अतिदक्षता विभागात गेले. माकडांना त्याच औषधाने काही झालं नव्हतं. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेनेही प्राणी-चाचणीची कायदेशीर सक्ती काढली.

रानजाई
सक्ती काढली, बंदी नाही घातली. आणि टीजीएन१४१२ ही अँटिबॉडी होती, लस नव्हे. माकडांत धोका दिसला नाही, म्हणून उंदरांत दिसलेला फायदाही खोटा? हे कुठलं तर्कशास्त्र!

टेरियरवाला
कुत्र्यांबद्दल कुणीच बोललं नाही. स्कॉटिश टेरियरना हा रोग आपसूक होतो, इतर कुत्र्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त. लघवीत रक्त येतं, थेंब थेंब होते, संसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होतं आणि निदान लांबतं. गाठ बहुतेकदा स्नायूपर्यंत गेलेली, कुत्रं म्हातारं. माणसाच्या अवघड रुग्णाशी हेच जुळतं. मालकाच्या संमतीने लस इथे तपासा.

खवचट_बोका
+१. हेच म्हणतोय. प्रोस्टेटच्या कर्करोगावरची सिप्युल्युसेल-टी बघा. अशाच पेशींची लस, २०१० साली अमेरिकेत मंजूर. फायदा सरासरी चार महिने, गाठ आक्रसलेली क्वचितच कुणाची.

रानजाई
चार महिने तुम्हाला कमी वाटतात, रुग्णाला विचारा. बाकी कुत्र्यांची सूचना चांगली आहे, पण उंदरांच्या नंतर. लसीचा डोस किती, किती दिवसांनी, हे कुणाच्या म्हाताऱ्या कुत्र्यावर चाचपडत ठरवणार का?