मदत हवी आहे: एकाच वाय-फाय कार्डावर दोन गटांचे प्रयोग

नमस्कार मंडळी,

आमच्या लॅबमध्ये आठ जुने मिनी पीसी आहेत, प्रत्येकात अ‍ॅथेरॉसचं एक कार्ड. एमटेकचे दोन गट, एकाचं काम टीसीपी थ्रूपुटवर (टीसीपी जोडणीवरून सेकंदाला किती डेटा जातो), दुसऱ्याचं रोमिंगवर (चालता चालता लॅपटॉपने एका एपीवरून, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटवरून, दुसऱ्यावर जाणं), आणि सबमिशन दोघांचंही याच महिन्यात. आजवर वहीत नाव लिहून पाळीपाळीने वापरायचो. आता वहीवरूनच भांडणं होतात, म्हणून प्रत्येक कार्डावर दोन व्हर्च्युअल इंटरफेस काढून दोन एसएसआयडी (वाय-फायची नावं) दिले.

होस्टएपीडी (कार्डाला एपी बनवणारा लिनक्सचा प्रोग्राम) सुरळीत चाललं. पण दुसरा इंटरफेस वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (लिनक्समधला स्वतंत्र नेटवर्क-कप्पा) टाकायला गेलो तर एकटा जाईना. अख्खा फाय (कार्डाचा रेडिओच) हलवावा लागतो, म्हणजे पहिल्या गटाचाही इंटरफेस वरातीत निघाला! शिवाय रेडिओ एकच, त्यामुळे दोघं एकाच चॅनेलवर.

खरा घोळ परवा झाला. रोमिंगवाला लॅपटॉप घेऊन जिन्यापर्यंत गेला, त्याचा रेट 1 एमबीपीएसवर आला आणि इकडे टीसीपीचा आलेख धाडकन खाली. रेट कमी झालेला लॅपटॉप तेवढ्याच डेटासाठी हवा जास्त वेळ अडवतो. सीपीयू, मेमरी वाटता येते हो, हवा कशी वाटायची? अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या ऑर्बिट या वायरलेस प्रयोगशाळेत 20 बाय 20 अशी 400 नोडची जाळी आहे. आमच्याकडे मोजून आठ. एअरटाइम वेट (कोणाला हवेतला किती वेळ, याचं प्रमाण) लावून भागेल का?

प्रतिसाद १
अर्धवट भागेल. एपी स्वतः जे पाठवतो त्याचीच रांग वेटने लागते. क्लायंटने कधी बोलायचं ते एपीच्या हातात नाही, त्यामुळे अपलोडला हा उपाय लंगडा. थ्रूपुट मोजायचा असेल तर रेडिओ वाटून घेऊच नका, नोड वाटा. एक गट चॅनेल 36 वर, दुसरा 149 वर, दोन्ही 5 गिगाहर्ट्झचे. 5 गिगाहर्ट्झला 1 एमबीपीएस हा रेटच नाही, सर्वांत कमी 6. नुसत्या स्क्रिप्ट तपासायच्या असतील तर मॅक80211_एचडब्ल्यूसिम (लिनक्समधला नकली वाय-फाय रेडिओ) वापरा, कार्ड लागतच नाही. मात्र त्यावरचे थ्रूपुटचे आकडे रिपोर्टात घालू नका, तिथे खरी हवाच नसते.
आधी कार्डं बघा. अ‍ॅथेरॉसचं 9280 मॉडेल 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडवर चालतं, 9285 फक्त 2.4 वर.

धागाकर्ता
धन्यवाद! एलएसपीसीआय (पीसीतली कार्डं दाखवणारी आज्ञा) मारून पाहिलं: पाच 9280, तीन 9285. म्हणजे टीसीपीवाले पाच घेऊन 36 वर, रोमिंगवाले तीन घेऊन 2.4 वर. जिन्यापर्यंतच्या रोमिंगला तीन एपी पुरतील ना?