प्रति: कॉर्न स्नेकला किती खायला घालावं?

‘मागेल तेवढं द्या, पोट भरलं की तो स्वतःच थांबतो’ हे वरचं म्हणणं पटलं नाही. कॉर्न स्नेक हा घरी पाळला जाणारा साप भूक नसतानाही उंदीर गिळतो. नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका, शेपटीच्या मुळाशी बघा. नुकतं खाल्लेलं नसतानाही खवल्यांमधली कातडी दिसत असेल, वळताना घड्या पडत असतील, तर चरबी चढलीय. बरीचशी आत पोटातच साठते, त्यामुळे बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माझ्या भाच्याच्या सापाला डॉक्टरांनी उपास नाही सांगितला. उंदीर लहान आणि दोन जेवणांत जास्त अंतर. पूर्ण वाढलेल्याला दहा-पंधरा दिवसांनी एक पुरतो.

आणि चाळीतला, गटारातला उंदीर फुकट मिळतो म्हणून घालू नका. मुंबईत उंदरांसाठी जागोजागी विष टाकलेलं असतं, तेच सापाच्या पोटात जाईल.