मदत हवी आहे: अँटीव्हायरसचं मेल स्कॅनिंग चालू ठेवून थंडरबर्डची सर्टिफिकेट वॉर्निंग कशी घालवायची?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातलं सेवा केंद्र, विंडोज 10, मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम. मेल घ्यायला गेलं की सर्टिफिकेट (मेल सर्व्हरची ओळख पटवणारं) अविश्वसनीय असल्याची वॉर्निंग येते. तपशील उघडला तर ते जारी करणाऱ्याच्या जागी अँटीव्हायरसचं नाव दिसतं. म्हणजे 993 (मेल घ्यायच्या) आणि 465 (मेल पाठवायच्या) पोर्टवरचं सुरक्षित कनेक्शन अँटीव्हायरस मधेच उघडून मेल तपासतो आणि पुढे स्वतःचं सर्टिफिकेट देतो. त्याचं रूट (ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं खरी मानली जातात ते मूळ सर्टिफिकेट) विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये आहे, पण थंडरबर्ड स्वतःची यादी पाहतो.

तारीख-वेळ बरोबर आहे (लाइट सारखी जाते म्हणून मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल आधीच बदलला). वायफायऐवजी मोबाइलचं नेट लावूनही तेच. मेल स्कॅनिंग बंद केलं की वॉर्निंग जाते.

रूट एक्सपोर्ट करून थंडरबर्डच्या 'ऑथॉरिटीज'मध्ये इम्पोर्ट केलं, वेबसाइट ओळखण्यासाठी विश्वास ठेवण्याची खूण केली, चाललं. अँटीव्हायरस पुन्हा इन्स्टॉल झाल्यावर त्याच नावाचं नवीन रूट तयार झालं आणि वॉर्निंग परत आली.

जुनं रूट आधी डिलीट करणं गरजेचं आहे का? की थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये (आतल्या सेटिंग्जच्या यादीत) 'सिक्युरिटी.एंटरप्राइज_रूट्स.एनेबल्ड' ट्रू केलं की विंडोजमधलं नवीन रूट दरवेळी आपोआप घेतलं जाईल?

कृपया 'एक्सेप्शन कन्फर्म करा' (म्हणजे वॉर्निंग आली तरी ते सर्टिफिकेट मान्य करा) असं सुचवू नका. ती सवय लागली की खरोखर बनावट सर्व्हर आला तरी बोट तिथंच जाईल, आणि या मेलवर लोकांचे आधार, सातबारा, पीक विम्याचे कागद येतात.