टीएलडी रिपोर्टमध्ये सगळ्यांचा डोस शून्य: कॅथलॅबमध्ये असं होऊ शकतं का?

कॅथलॅब सिस्टर, ठाणे
घोडबंदर रोडला कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली हृदयाच्या केसेस करतात तिथे, ड्युटी आहे. रोज सहा-सात केसेस, त्यातल्या दोन-तीन ॲन्जिओप्लास्टी. या तिमाहीच्या टीएलडी रिपोर्टमध्ये (अंगावरच्या बॅजने मोजलेला एक्स-रे किरणांचा डोस) डॉक्टर, टेक्निशियन, आम्ही सिस्टर, सगळ्यांपुढे शून्य. हे खरं मानायचं का? बॅज ॲप्रनच्या आत लावायचा की बाहेर, यावरही इथे एकमत नाही.

आरएसओ, वाशी
ताई, मी आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर. बॅज छातीवर, ॲप्रनच्या आत. ॲप्रनमधलं अर्ध्या मिलिमीटरचं शिसं बहुतेक स्कॅटर (रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण) अडवतं, त्यामुळे एखाद्याचा शून्य पटतो. पण टेबलाला चिकटून उभ्या डॉक्टरांचाही शून्य म्हणजे आधी बॅज केसच्या वेळी अंगावर असतो की ड्रॉवरमध्ये, ते बघा.

मग कंट्रोल बॅज, म्हणजे कोणीही न लावायचा तुलनेचा बॅज, शोधा. त्याचं रीडिंग प्रत्येकाच्या रीडिंगमधून वजा होतं. तो लॅबमध्ये ॲप्रनच्या स्टँडलाच अडकवलेला असेल, तर त्यालाही डोस बसतो आणि तुमचा खरा डोस वजाबाकीत नाहीसा होतो. जिथे किरण पोचत नाहीत अशा खोलीत तो ठेवा. ड्युटी संपली की बाकीचे बॅजही तिथेच.

टेक्निशियन, ऐरोली
उलटी चूकही होते. ॲप्रन लॅबमध्ये टांगला, बॅज त्यालाच राहिला, पुढच्या केसेस चालू. मग सुट्टीवर असलेल्या माणसाच्या नावावर डोस दिसतो.

डोळ्यांसाठी कॉलरवर, ॲप्रनच्या बाहेर, दुसरा बॅज हवाच. ॲप्रनच्या आतल्या बॅजला डोळ्यांचा डोस कळत नाही. डोळ्याच्या भिंगासाठी आयसीआरपीने (किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग) २०११ मध्ये मर्यादा खाली आणून वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) सुचवली. दोन्ही बॅजवर जागा लिहून ठेवा. आतल्याचा आकडा बाहेरच्यापेक्षा मोठा आला तर बहुधा अदलाबदल झालेली असते.

कॅथलॅब सिस्टर, ठाणे
कंट्रोल बॅज खरंच ॲप्रनच्या स्टँडला होता! आजच हलवते. आम्हा सिस्टरना आणखी काय सांभाळायचं?

आरएसओ, वाशी
पाठ. फक्त पुढून झाकणारा ॲप्रन घालून तुम्ही स्टेंट काढायला ट्रॉलीकडे वळता, तेव्हा पाठ उघडी पडते. बॅज छातीवर, म्हणजे शरीराच्या आडोशाला, त्यामुळे तो डोस त्याला नीट दिसतच नाही. पाठही झाकणारा रॅपअराउंड ॲप्रन मागा.

सिनेला (एक्स-रे चित्रण रेकॉर्ड करताना) फ्लोरोपेक्षा (नुसतं लाइव्ह बघताना) कितीतरी जास्त डोस. सिने सुरू होण्याआधी डॉक्टरांनी आवाज द्यावा आणि शक्य असेल त्याने मागे सरकावं. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की डोस साधारण चौथा हिस्सा होतो. एलएओ व्ह्यूमध्ये (रुग्णाच्या डावीकडून तिरकं चित्र घेताना) एक्स-रे ट्यूब डॉक्टरांच्या बाजूला येते, तेव्हा छताला टांगलेली लेडची काच रुग्णाच्या अगदी जवळ ओढायची. टेबलाखालचा लेडचा पडदा काढून ठेवला असेल तर आजच लावा. ट्यूब खाली असल्याने पायांवर स्कॅटर जास्त पडतं.

एखादी सिस्टर गरोदर असेल तर लगेच लेखी कळवायला सांगा. तेव्हापासून बाळासाठीची मर्यादा उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्ट. तिमाही रिपोर्ट त्यासाठी फार उशिरा येतो, तिला रोज वाचता येईल असा डिजिटल डोसिमीटर द्या.