पायपंपाने गोव्याची शेती भिजेल म्हणणाऱ्यांसाठी

कुणगेवाली (पेडणे)
काल इथे एका सज्जनांनी लिहिलं: 'बांगलादेशचा शेतकरी बांबूच्या पायपंपावर भाजी पिकवतो, आणि आमचा गोंयकार सबसिडीची वाट बघत शेत पडीक ठेवतो.' खाली अंगठ्यांची रांग. रात्री झोप येईना, म्हणून लांबलचक लिहितेय.

पायपंप, म्हणजे पायाने तुडवून पाणी ओढायचा पंप, वाईट नाही. 1980 च्या सुमारास बांगलादेशात रंगपूरकडे तो निघाला, दहा लाखांवर खपला, सगळं कबूल. पण तिथे गाळाची जमीन. माणसं हाताने नळी उतरवतात आणि पाणी थोड्याच खोलीवर मिळतं. माझी विहीर जांभ्यातली, 34 फूट. सप्टेंबरात काठावर वाकून कळशी भरावी इतकं पाणी वर येतं. एप्रिलात तळाला चार फूट उरतं. वर बसून ओढणारा पंप, पायाचा असो की विजेचा, 22-23 फुटांच्या पुढे हात टेकतो. हवेचा दाबच तेवढा. कागदावर तो दाब पाणी 34 फूट चढवतो, पण गळतं फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) आणि पाइपातलं घर्षण कागदावर नसतं. म्हणजे मिरसांगेला (मिरचीला) पाण्याची खरी गरज तेव्हाच तुमचा बांबू हवा पिणार.

आता कष्टाचा हिशेब. पाच गुंठे भाजीला रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तर 2500 लिटर झालं. 30 फुटांवरून तेवढं उपसायला कुठल्याही हातापायाच्या यंत्रावर दीड-दोन तास जातात. मोटर तेच काम पाव युनिटाच्या आत करते. ते दोन तास कोणाच्या पायांचे? पोस्ट लिहिणाऱ्याच्या नव्हेत. रांधप, धुणं आटपून जी शेतात जाते तिच्या पायांचे.

सुशेगाद_नाही
तो सज्जन मीच. ताई, तुम्ही पंपाचं शवविच्छेदन केलंत, मी वृत्तीबद्दल बोलत होतो. माझे आजोबा लाटेने पाणी काढून वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) करत. बांबूच्या टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला कोळंबा, पाणी काढायचं भांडं. विजेचं बिल शून्य. आज घरोघरी मोटर आहे आणि वायंगण कुठे आहे दाखवा. मुद्दा इच्छेचा आहे.

कुणगेवाली (पेडणे)
आजोबा लाट ओढत होते तेव्हा आजी काय करत होती तेही लिहा की. आणि लाट चालायची ती तळीवर नाहीतर ओहोळावर, पाणी पुरुषभर खाली असेल तिथे. 30 फुटांवर नव्हे.

भाट_नाही_घर_आहे
बाय, मोटर पाव युनिटाच्या आत काढते म्हणालात. ते युनिट मी कुठून आणू? शेतावर वीज जोडणी मागायला गेलो तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा दाखवा म्हणाले. उताऱ्यावर कूळ म्हणून बापाचं नाव, मालक म्हणून भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं. कूळ कायद्याच्या 1976 च्या दुरुस्तीने कूळ मालक झालं म्हणतात. आमचा दावा बापाने घातला, बाप गेला, आता मी तारखा घेतो. नवीन विहीर खणायची तर 2002 च्या भूजल कायद्याची परवानगी, तिथेही पहिला प्रश्न तोच: जागा कोणाची? सबसिडीच्या अर्जाला तर हातच लावू नका. पंप कुठला घ्यावा याची चर्चा करणारे नशीबवान.

पोरसांतलो
आला! पंपाचा धागा असो की पावाचा, भाटकार हजर. अहो, मी भाटकाराचा नातू. आमच्या उताऱ्यावर सतरा नावं आहेत. चारजण लिस्बनला, दोघं कुठे आहेत कोणाला ठाऊक नाही, एक चुलती फोनच उचलत नाही. माझ्या स्वतःच्या विहिरीचा ढासळलेला कठडा बांधायला मला सह्या मिळत नाहीत. तुम्हाला निदान कसायला मिळतं.

भाट_नाही_घर_आहे
'निदान कसायला मिळतं.' पात्रांव, हे वाक्य छापून भिंतीवर लावतो. बापाने वर्षाला खंडीच्या हिशेबाने भात पोचवलं तुमच्यासारख्यांच्या वळईत. सतरा नावांना एकत्र आणायला लिस्बनला जायची गरज नाही, चतुर्थीला सगळे घरी येतात ना? गणपतीवरच्या माटोळीखाली बसवून सह्या घ्या.

पोरसांतलो
चतुर्थीला येतात ते खतखते खायला. जमिनीचा विषय काढला की गणपती दीड दिवसाचाच बरा वाटतो. आणि आवाज चढवू नका, मी तुमच्या बापाकडून भात घेतलेलं नाही.

कुळागर_केरी (सत्तरी)
तुम्ही उतारे वाचा, तोवर गवेरेडे शेत वाचतात. पाणी कसं द्यायचं याची चर्चा चालली आहे, पण खाणार कोण? गेल्या साली माझी केळी माकडांनी अशी सोलली की आमच्या सुनेला जमणार नाही. असो.

मूळ प्रश्नावर: ओहोळाला उतार असेल तर हायड्रॉलिक रॅम बसवा, वाहत्या पाण्याच्याच धक्क्याने पाणी वर चढवणारा पंप. वीज नाही, पेट्रोल नाही. 1796 चं फ्रेंच डोकं, उष्ण हवेचा फुगा उडवणाऱ्या भावांपैकीच एकाचं. माझ्याकडे पाणी दोन मीटर खाली पडतं आणि त्यातलं थोडं बारा मीटर वर टाकीत चढतं. दहा लिटर वाहिलं तर एक लिटर वर जातं, बाकीचं परत ओहोळात. रात्रभर ठक्... ठक्... चालू असतं. ठक् थांबलं की मला जाग येते. समजायचं, व्हॉल्व्हात सुपारीचं पान अडकलं. मार्चपर्यंत नक्की चालतो. पुढे ओहोळच बारीक होतो, तेव्हा त्याचाही नाइलाज.

सुशेगाद_नाही
बघा, इच्छा असली की होतं. आणि ओहोळ नसेल त्याला सोलर आहेच. 2019 ला कुसुम योजना आली तेव्हा सौर पंपाच्या खर्चात केंद्राचे 30 टक्के होते, राज्याचे 30.

कुळागर_केरी (सत्तरी)
कुळागरात ऊन कुठे आहे हो? माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरवेल. पॅनल काय माडावर चढवू? आणि उरलेल्या 40 टक्क्यांचं काय?

रिवाइंडिंगवाला
धंद्यातलं सांगतो, मग भांडा. दरवर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर माझ्याकडे मोटरींची रांग लागते. एप्रिलात पंप ओढत नाही म्हणून लोक विहिरीच्या चिऱ्यात टप्पा कोरतात आणि मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) पंधरा फूट खाली उतरवतात. एवढं बरोबर. पण उचलायची आठवण राहत नाही. एका रात्रीत विहीर भरते आणि मोटर बुडते. वाइंडिंग उघडलं की आत लाल माती आणि एकदा तर बेडूक. विहिरीत बुडवायचा ओपनवेल पंप घ्या. तो ओढत नाही, ढकलतो, त्यामुळे कुणगेवाली ताईंची 23 फुटांची कटकट नाही. माझं गिऱ्हाईक कमी होईल, पण होऊ दे.

कुणगेवाली (पेडणे)
बेडूकवाली मोटर माझी नव्हे, एवढं स्पष्ट करते. माझ्या मोटरीत फक्त माती होती.

भाट_नाही_घर_आहे
ओपनवेल पंपालाही वीज लागते. वीज नाही म्हणून मी दोन वर्षांमागे दोरीचा पंप केला. वर सायकलची रिम आणि हँडल, खाली पाण्यात दीड इंची पीव्हीसी पाइप, त्यातून फिरणारी नायलॉनची दोरी. दोरीला हातहातभर अंतरावर रबराच्या चकत्या. चकती पाइपात शिरली की तिच्यावरचं पाणी ती वर ढकलत नेते. ओढायचा प्रश्नच नाही, 30 फुटांवरूनही येतं. निकाराग्वात हेच गावोगावी चालतं. मिनिटाला 25 लिटर भरून मोजलंय. अर्ज नाही, उतारा नाही, सतरा सह्या नाहीत.

तक्रारी आहेत. दोरी ताणली जाते आणि रिमवरून घसरते, मग गाठ सोडून आखूड करायची. हँडल उलटं फिरून माझ्या पोराच्या कोपराला लागलं, तेव्हापासून मागे अडणी ठोकलीय. आणि दीड तास फिरवलं की दंड भरतात. पोरं मोबाइल बघत आळीपाळीने फिरवतात.

सुशेगाद_नाही
म्हणजे शेवटी बिनविजेचं, हाताचं यंत्र. मी काल वेगळं काय म्हणालो होतो?

कुणगेवाली (पेडणे)
तुम्ही 'वृत्ती' म्हणालात. ते 'वीज देत नाहीत' म्हणतात. फरक कळत नसेल तर दीड तास हँडल फिरवून बघा. बाकी त्यांच्या घरी दंड पोरांचे भरतात, हे मात्र मला आवडलं. एवढंच मान्य.

पोरसांतलो
रिम कितीची घेतलीत? आमच्याकडे सव्वीसची गंजत पडलीय. कठडा नसला तरी बसेल का?

भाट_नाही_घर_आहे
सव्वीसची चालते. कठडा नसेल तर दोन माडाचे वासे आडवे टाका, त्यावर बसवा. चकत्या ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या कापा. मी आधी चपलेच्या घेतल्या होत्या, महिन्यात झिजल्या. पाइपापेक्षा केसभर लहान ठेवा. आणि सह्या मागायच्या आधीच बसवून टाका.