रिकाम्या डब्यापुढेही कुत्री बसते: नाक चुकतंय की मांडणी?

शोधनाक:
लवंगेच्या तेलावर वासशोध शिकवतोय. झाकणाला भोकं पाडलेले आठ सारखे पत्र्याचे डबे एका रांगेत, दोन डब्यांमध्ये हातभर अंतर, एकात तेल लावलेला कापूस. कुत्री अडीच वर्षांची लॅब्राडोर, पट्ट्यावर काम करते. वास मिळाला की बसायचं, हे पक्कं झालंय. डबा मी ठेवला तर सहसा चुकत नाही. दुसऱ्या कुणी डबे लावले आणि मला जागा सांगितली नाही, की भलत्याच डब्यापुढे बसते. सगळे डबे रिकामे असले तरी कुठेतरी बसतेच, आणि बसून माझ्या तोंडाकडे बघत राहते. तेल वाढवू का? आणि चुकीची बसली की दटावायचं का?

वारंगंध:
तेल अजिबात वाढवू नका. तुम्हाला जागा ठाऊक असली की बरोबर आणि नसली की चूक, म्हणजे ती डब्याइतकीच तुम्हाला वाचतेय. तोंडाकडे बघणं हा त्याचाच भाग.

यावर लिसा लिट आणि सहकाऱ्यांचा 2011 चा प्रयोग जरूर समजून घ्या. हँडलर, म्हणजे कुत्र्याला शोधावर नेणारा माणूस, आणि त्याचा कुत्रा अशा 18 जोड्यांनी मिळून 144 शोध घेतले. वास कुठेच ठेवलेला नव्हता. काही ठिकाणी मात्र हँडलरना सांगितलं होतं की लाल कागद लावलाय तिथे वास आहे. तरी 225 खुणा, म्हणजे 'वास इथे आहे' असं कुत्र्याने दाखवणं, नोंदल्या गेल्या, आणि लाल कागदापाशी त्या जास्त होत्या. कुत्र्याने खूण केली हे हँडलरच सांगत होते, त्यामुळे चूक कुत्र्याची किती आणि बघणाऱ्याची किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पण माणसाला जागा ठाऊक आहे असं वाटलं की निकाल बिघडतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आधी स्वतःचं चित्रीकरण करा. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर ठेवा आणि नंतर आवाज बंद करून फक्त पाय, पट्टा आणि हात बघा. भरलेला डबा यायच्या आधी एक पाऊल आखूड पडतं, पट्ट्याचा झोल जातो, हात खाऊच्या पिशवीकडे सरकतो. कुत्र्याला एवढं पुरतं. उपाय म्हणजे पिशवी पाठीमागे बांधा, एकाच चालीने रांग पार करा, आणि ती थांबली तरी तुम्ही आणखी एक पाऊल पुढे जा. वासावर खरंच पक्की असेल तर ती मागे राहील. तुमच्यावर विसंबून असेल तर उठून तुमच्यामागे येईल.

मग आंधळी चाचणी, म्हणजे भरलेला डबा कुठे आहे हे तुम्हालाही ठाऊक नसलेली. भरलेला डबा कितव्या जागी जाईल हे चिठ्ठी काढून ठरवा, माणसाच्या मनावर सोडू नका, कारण माणूस पहिली आणि शेवटची जागा नकळत टाळतो. डबे लावणारा खोलीबाहेर जातो. तुम्ही आत येता, ती बसली की मोठ्याने जागा सांगता, आणि तो दाराआडून फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. 24 फेऱ्या धरा, त्यातल्या 6 पूर्ण रिकाम्या, पण कुठल्या ते तुम्हाला ठाऊक नको. सगळ्या एका दिवशी उरकू नका, चार फेऱ्या झाल्या की विश्रांती. वहीत चार रकाने हवेत: सापडला, सुटला, खोटी खूण, रिकामं बरोबर सोडलं. नुसते 'सापडला' मोजाल तर दिसेल तिथे बसणारा कुत्राही हुशार ठरेल.

कापूसबोळा:
वर सांगितलंय ते बरोबर, पण माझा पहिला संशय डब्यांवर आहे. एक साधा प्रश्न: रिकाम्या सात डब्यांत कापूस आहे का?

नसेल तर तिने लवंग शिकलीच असेल असं नाही. 'कापसाचा डबा', 'आत्ताच हात लागलेला डबा' किंवा 'चिकटपट्टीचा डबा' यांपैकी काहीही शिकली असेल. भरलेल्या डब्याबद्दल जे जे खरं आहे ते तेलाखेरीज सगळं रिकाम्या डब्यांबद्दलही खरं हवं: तोच कापूस, तेवढाच, तीच पट्टी, तेवढाच हात.

तयारी अशी करा. कान साफ करायच्या काड्यांची टोकं कापून काचेच्या बरणीत टाका. बरणीत तेलाचे दोन थेंब, ते काचेच्या आतल्या बाजूला, काड्यांवर नाही. झाकण लावून एक दिवस ठेवा, कापूस वास धरतो आणि ओलाही होत नाही. कोरड्या टोकांची बरणी वेगळी, दुसऱ्या खोलीत. आधी रिकामे डबे भरा, भरलेला सगळ्यात शेवटी, दर वेळी नवे हातमोजे आणि वेगळा चिमटा. एकदा लवंग गेलेला डबा पुन्हा कधीही रिकाम्यांत घेऊ नका, तळावर खूण करून कायमचा बाजूला ठेवा. रांगेत लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, वास बाहेर पसरू दे.

झाकण घट्ट हवं. लवंगेचं तेल चाटण्यात किंवा नाकाला लागण्यात जाता कामा नये.

धीमीचाल:
दटावण्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. दटावू नका. चुकीची बसली आणि ओरडा खाल्ला तर ती 'लवंग नसेल तिथे बसू नये' हे शिकत नाही, 'बसणं धोक्याचं' एवढंच शिकते, मग खऱ्या डब्यापुढेही घुटमळते. व्हिएरा दे कास्त्रो यांच्या 2020 च्या अभ्यासात 92 पाळीव कुत्रे होते, तीन बक्षिसावर चालणाऱ्या आणि चार दंड वापरणाऱ्या प्रशिक्षणशाळांमधले. दंडाच्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, प्रशिक्षणानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलं.

खोट्या खुणेवर काहीच करू नका. खाऊ नाही, शब्द नाही, चालत राहा. खरं काम खूण लांबवण्यात आहे. सध्या तुमची खूण फक्त बसणं आहे, आणि बसणं तिला हजार कारणांनी येतं. नाक भोकांवर टेकवून थांबणं शिकवा: आधी एक सेकंद थांबली की क्लिक (क्लिकरचा 'टक' आवाज, म्हणजे 'बरोबर, खाऊ येतोय'), ते पक्कं झालं की दोन, मग तीन. अंदाजाने थांबलेला कुत्रा तीन सेकंद नाक सहसा खाली ठेवत नाही, मान वळवून तुमच्याकडे बघतो. तोच तुमचा पुरावा.

शिकवताना खाऊ डब्यापाशीच द्या, वासाचा आणि बक्षिसाचा संबंध लवकर जुळतो.

कापूसबोळा:
शेवटच्या मुद्द्याला माझी हरकत आहे. डब्यापाशी खाऊ दिला की कण आणि लाळ तिथेच उरते आणि पुढच्या फेरीत तेच वास सांगतं. शिकवताना चालेल, पण दर फेरीनंतर डबा आणि जमीन दोन्ही बदला. चाचणीत क्लिकनंतर खाऊ रांगेपासून दूर फेका.

वारंगंध:
मान्य. वाऱ्याचंही राहिलं होतं. पंखा चालू असेल तर वास शेजारच्या डब्यावर साचतो आणि ती तिथे बसते. ती खोटी खूण नव्हे, वास खरंच तिथे आहे. कुत्री बाहेर असताना पातळ कागदाची पट्टी डब्याजवळ धरून हवा कुठे वाहते ते बघा.

आणि ती धापा टाकत असेल तेव्हा काम घेऊ नका. धाप तोंडाने आणि हुंगणं नाकाने, दोन्ही एकदम नीट होत नाहीत. गाझित आणि टर्केल यांनी 2003 मध्ये स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवर हेच दाखवलं: धाप वाढली की शोध ढेपाळतो.

शोधनाक:
कापूस फक्त भरलेल्या डब्यातच होता. आता सगळं नव्याने लावतो. दोन गोष्टी विचारतो. रिकाम्या फेऱ्यांनी तिचा उत्साह जाणार नाही का? आणि सराव रोज करायचा का?

धीमीचाल:
रोज नको. डेमंट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 44 बीगल कुत्र्यांवर बघितलं, आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेले रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी सत्रांत शिकले. आठवड्यातून दोनदा, सत्र छोटं, पुरे.

उत्साहाची काळजी रास्त आहे. गाझित, गोल्डब्लॅट आणि टर्केल यांच्या 2005 च्या कामात ज्या वाटेवर कधी काही सापडत नसे, त्या वाटेवर नंतर स्फोटकं ठेवली तरी कुत्र्यांचा शोध मंदच राहिला. म्हणून रिकामी फेरी झाली की लगेच दुसऱ्या कोपऱ्यात एक सोपा भरलेला डबा शोधायला द्या आणि तिथे भरपूर खाऊ. तो डबा दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात, नाहीतर रांग सोडून ती थेट कोपऱ्याकडे पळेल.

कापूसबोळा:
जुने डबे धुऊन परत वापरायचा मोह टाळा. भरलेला कुठला होता हे आता सांगता येणार नसेल तर आठही बाद करा. नवे धुताना रिकाम्यांचं आणि भरलेल्याचं पाणी, फडकं, वाळवायची जागा, सगळं वेगळं ठेवा.